चिलगोजा : फळाशिवायचं बी



आपल्या गटांतल्या कितीतरी जणी जंगलातून चारोळी, हिरडा, मोह गोळा करतात. म्हणूनच आज आपण दूरच्या एका झाडाची माहिती घेऊ या.

सुकामेव्याच्या दुकानात चिलगोजा मिळतो. लांबट, तपकिरी सालीचा आणि भारी महाग. हे पाइन जातीच्या झाडाचं बी. हिमाचल प्रदेशातल्या किन्नौर जिल्ह्यात, कोरड्या डोंगरउतारांवर ही झाडं वाढतात. तिथल्या गावांना चिलगोज्यातून रोख पैसा मिळतो.

आंब्याची कोय फळाच्या आत असते. चिलगोज्याला मात्र फूलही नाही आणि फळही नाही. त्याचं बी शंकूच्या खवल्यावर उघडंच बसलेलं असतं. म्हणून अशा झाडांना अनावृतबीजी म्हणतात. देवदार आणि बागेतला सायकस याच गटातले.

चिलगोज्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी शंकू येतात. पराग वाऱ्यानं पोचतात, त्याला मधमाशी लागत नाही. पण शंकू त्याच वर्षी पिकत नाही. दुसऱ्या वर्षी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पिकतो. म्हणजे झाडावर यंदाचे पिकलेले शंकू असतात, तसे पुढच्या वर्षीचे बारकेही असतात. शंकू काढताना फांदीच तोडली, तर पुढच्या वर्षीचं पीकही हातचं गेलं!

दुसरी गोष्ट म्हणजे, बऱ्याच पाइनच्या बिया पंखामुळे वाऱ्यावर दूर जातात. चिलगोज्याचं बी जड, त्याचा पंख नावापुरताच. ते झाडाखाली पडतं, नाहीतर पाखरं आणि उंदीर-खारी नेतात. पण शंकू उघडायच्या आतच माणसं ते काढून नेतात. सगळेच नेले, तर रुजायला काय उरणार? उगवलेली थोडी रोपं चरणारी जनावरं खातात. त्यामुळे या जंगलांत जुनी झाडं दिसतात, कोवळी मात्र फार कमी.

मैत्रिणींनो, आपल्या चारोळीचंही असंच आहे. फांद्या तोडून, सगळं फळ ओरबाडून नेलं, तर उद्या लेकीसुनांना काय मिळेल? घाईनं आधी कोण तोडतं, अशी चढाओढ लागली की सगळ्यांचंच नुकसान होतं. एकटीनं थांबून भागत नाही, म्हणून गावानं मिळून नियम करावा लागतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवू या : तोडणी कधी सुरू करायची, फांदी न तोडता फळ कसं काढायचं आणि कोणती झाडं बियांसाठी राखायची. ठरलेलं वहीत लिहा आणि ग्रामसभेतही मांडा.