चढलेली उतरल्यावर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



पंचशीलातील पाचवे शील आपण विहारात नित्य म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही पगाराच्या संध्याकाळी आपल्या वस्त्यांत काय चालते, हे आपण सारेच जाणतो. म्हणून 'दारू वाईट' एवढेच सांगून आम्ही थांबणार नाही. पिऊन झाल्यावर जी सकाळ उजाडते, तिच्याविषयी आम्हाला बोलायचे आहे.

डोके जड, तोंड कोरडे, मळमळ, हातापायांत त्राण नाही. या अवस्थेला हँगओव्हर म्हणतात. यकृत दारूचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर करते व मग ते द्रव्य निकामी करते. दारूने लघवीचे प्रमाण वाढते, अंगातले पाणी कमी होते, जठराचा दाह होतो, झोप मोडकी लागते. रक्तातील दारू संपत येते, त्या सुमारास हा त्रास सर्वांत जास्त असतो. कडक कॉफी वा थंड पाण्याची आंघोळ यांनी यकृताचे काम लवकर उरकत नाही. त्याला वेळच द्यावा लागतो.

काहीजण सकाळी 'उतारा' म्हणून पुन्हा घोट घेतात. त्याने त्रास टळत नाही, पुढे ढकलला जातो. आम्ही बँकेतली माणसे. आमच्या भाषेत सांगायचे तर जुने कर्ज फेडण्यासाठी काढलेले हे नवे कर्ज आहे.

आता स्वभावाचा प्रश्न. 'त्याचा स्वभावच दारुड्याचा' असे आपण सहज बोलून जातो. अमेरिकेतील हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज वेलंट यांनी शेकडो पुरुषांच्या आयुष्याचा तरुणपणापासून अनेक दशके घेतलेला मागोवा अभ्यासून १९८३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यसनी माणसाचा चिडखोरपणा, बेजबाबदारपणा व खचलेपणा हे बहुतांशी दारूचे कारण नसून दारूचा परिणाम असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे घरच्यांना दिसतो तो मूळ माणूस नव्हे, दारूने घडवलेला माणूस होय.

याचा अर्थ स्वभावाचा काहीच संबंध नाही असा नव्हे. २०१९ साली इंग्लंडमधील संशोधकांनी ९७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिशय लाजाळू माणसांची धास्ती पिताना किंचित कमी झाली. पण दुसऱ्या दिवशी ती बरीच वाढली. ज्यांना ही सकाळची धास्ती अधिक, त्यांच्यात व्यसनाची लक्षणेही अधिक आढळली.

विद्यार्थी मित्रहो, हे आम्ही तुमच्यासाठी सांगत आहोत. खेड्यातून वसतिगृहात आलेला मुलगा चारचौघांत बोलायला बुजतो. कोणी म्हणतो, 'एक घे, भीड चेपेल.' संध्याकाळी भीड चेपते. सकाळी ती दुप्पट होऊन दारात उभी राहते. मग तिला घालवण्यासाठी पुन्हा तीच बाटली. भीड चेपायचीच असेल तर वक्तृत्व मंडळ आहे, वाचनालय आहे, आपले हे व्यासपीठ आहे.

व्यसन ओळखावे कसे? जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे. भरपूर पिऊन झाल्यावर सकाळी सुरुवातीलाच दारू लागते काय? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते काय? रात्रीचे काही आठवत नाही असे होते काय? असे प्रश्न तीत आहेत. एकूण गुण आठ किंवा अधिक भरले तर डॉक्टरांशी बोलावे.

एक सावधगिरी मात्र हवी. रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्यांनी कोंडून एकाएकी दारू तोडू नये. हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे यांतून प्राणावरही बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र कार्यरत आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रातही भरतात. तेथे फी नाही व नाव उघड करावे लागत नाही.

भगिनींनो, नवऱ्याच्या पिण्याची लाज तुम्ही बाळगू नका. 'ताप आला आहे' असे सांगून त्याची गैरहजेरी झाकू नका. बंधूंनो, अशा माणसाला हिणवून वस्तीत एकटे पाडू नका. तो दवाखान्यात जायला तयार होईल त्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी सोबत जावे. एवढे केले तर पाचवे शील ओठांवरून आचरणात येईल.

जयभीम.