फिरण्याची हौस आणि फिरवण्याचं शिक्षण

दहावी-बारावीचे निकाल लागले, की माझ्याकडे पालकांचे फोन सुरू होतात. "मुलीला फिरायची फार हौस आहे हो, ट्रॅव्हल अँड टुरिझमच्या कोर्सला घालू का?" मी पंचवीसहून अधिक वर्षं या व्यवसायात आहे. आधी तिकीट खिडकीवर बसले, मग सहलींबरोबर टूर मॅनेजर म्हणून हिंडले आणि आता नव्या मुला-मुलींना शिकवते. पालकांना मी एकच सांगते. स्वतः फिरण्याची हौस वेगळी आणि चाळीस माणसांना सुखरूप फिरवून घरी आणणं वेगळं. पगार मिळतो तो दुसऱ्या कामाचा.

मी या क्षेत्रात आले तेव्हा तिकीट काढता येणं हीच मोठी विद्या होती. विमानाची तिकिटं कार्बनच्या पुस्तकात लिहिली जायची, अमेडियस किंवा गॅलिलिओ ही आरक्षण प्रणाली येणाऱ्याला मान असायचा. पुढे रेल्वेचं तिकीट २००२ पासून इंटरनेटवर मिळू लागलं. विमानाचं कागदी तिकीट जून २००८ पासून जगभर बंद झालं. त्याच सुमारास आपल्याकडच्या विमान कंपन्यांनी एजंटांचं ठरलेलं कमिशनही बंद केलं. आज नातू आजोबांचं तिकीट मोबाइलवर काढून देतो. मोठ्या गटाची किंवा चार देशांच्या प्रवासाची आरक्षणं करायला या प्रणाली आजही लागतात. पण तेवढ्याच शिकवणाऱ्या कोर्सवर आता पोट भरणार नाही.

मग शिकायचं काय? मुलाखतीला आलेल्या मुलांना मी एक साधा प्रश्न घालते. एक गट सोमवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरला पोहोचतो आणि मंगळवारी रात्री परततो. वेरूळ आणि अजिंठा दोन्ही दाखवायचं आहे, तर कार्यक्रम आखा. बरीच मुलं सोमवारी अजिंठा लिहितात. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे क्रम चुकला, तर दोन्ही दिवस बंद दारावरून माघारी! वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभराच्या आसपास. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवून तिथल्या बसने पुढे जावं लागतं आणि मग पायऱ्या चढाव्या लागतात. गटात गुडघेदुखीची किती माणसं आहेत, हे ज्याने विचारलं, तो मुलगा मी लगेच निवडते.

परदेशी सहलीत चूक याहून महाग पडते. युरोपातल्या २९ देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो; पण अर्ज करायचा तो जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत निदान तीन महिने उरलेली हवी. त्यात आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, लग्नानंतर बदललेलं आडनाव. पासपोर्टवर एक आणि तिकिटावर दुसरं नाव असलं, तर माणूस विमानतळावरूनच परत फिरू शकतो. आयुष्यभर पै-पै साठवून निघालेल्या जोडप्याची सहल अशी एका कारकुनी चुकीने बुडू शकते.

एका सहलीत सत्तरीच्या एका काकांच्या छातीत रात्री दुखू लागलं. बरोबर असलेली आमची मुलगी पंचवीस वर्षांची. तिने आधी रुग्णवाहिका बोलावली, मग विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. सगळ्यांच्या पॉलिसींच्या प्रती तिच्या पिशवीत होत्या. सकाळी गटाला स्थानिक गाइडबरोबर पाठवून ती काकूंजवळ दवाखान्यात बसून राहिली. दहा दिवसांनी काका चालत घरी आले. हे कोणत्या पेपरात विचारतात?

शिक्षणाच्या चांगल्या सोयी आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची ग्वाल्हेरची भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ पासून चालते. तिचं एक केंद्र आपल्या शेजारी गोव्यात आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून घरी राहून शिकता येतं. विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या संघटनेच्या प्रमाणपत्रांनाही या व्यवसायात ओळख आहे.

मात्र 'शंभर टक्के नोकरी'च्या जाहिराती पाहिल्या, की मला धास्ती वाटते. एका मुलाच्या आईने बांगड्या गहाण ठेवून अशा एका कोर्सची फी भरली. प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हणून त्याला दोन महिने प्रदर्शनात पत्रकं वाटायला लावली. हाती आलेलं प्रमाणपत्र पाहून कुणी मुलाखतीलाही बोलावलं नाही. म्हणून पालकहो, पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोण देतं? शिकवणाऱ्यांनी स्वतः या व्यवसायात काम केलं आहे का? प्रत्यक्ष काम किती महिने आणि नेमकं कुठे मिळेल? मध्येच सोडलं तर फी किती परत मिळेल, आणि ते लेखी देता का? शिवाय दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना गाठून बोला.

आणखी एक कडू गोष्ट. हा व्यवसाय हंगामी आहे. मार्च २०२० मध्ये तो एका रात्रीत थांबला. माझ्याबरोबरचे उत्तम टूर मॅनेजर तेव्हा घरोघरी भाजी पोहोचवत होते. त्यातले काही परत आलेच नाहीत. म्हणून नुसत्या कोर्सवर विसंबू नका. पदवी पूर्ण करा, हिशेब शिका आणि एक परदेशी भाषा नीट आत्मसात करा. जपानी किंवा जर्मन बोलणाऱ्या गाइडला पाहुणे नसले, तरी त्या भाषेवर दुसरं काम मिळू शकतं.

मुलाची आवड खरी आहे का, हे बिनखर्चात पाहता येतं. या सुट्टीत घरच्यांच्या तीन दिवसांच्या सहलीची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाका. गाड्या, खोल्या, खर्चाचा हिशेब, आजीच्या गोळ्यांच्या वेळा, बंद असणारी ठिकाणं, सगळं त्याने पाहायचं. परतल्यावर त्याला स्वतःला काय काय पाहायला मिळालं, ते विचारू नका. आजीला सहल कशी झाली, ते विचारा. आजी खूश असेल आणि पोरगं दमूनही पुढच्या सहलीचं बोलत असेल, तर खुशाल प्रवेश घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)