तीन मापे पीठ



‘दैनंदिन जीवनातील ख्रिस्तश्रद्धेचे पाठ’ हा विषय चिटणिसांनी मला कळवला, तेव्हा प्रथम मनात आले ते भयच. छत्री दिसली की ज्यांना ईश्वरी कृपा आठवते आणि विरार लोकल दिसली की नरकवास, अशा धर्मोपदेशकांची प्रवचने मी अंधेरीच्या गावठाणात लहानपणापासून मुकाट्याने ऐकत आलो आहे. आता उतारवयात त्यांच्याच पंक्तीला बसायचे की काय? परंतु मग वाटले, ही खोड त्या बिचाऱ्यांची असली तरी मूळ पद्धत येशूचीच आहे. बी पेरणारा शेतकरी, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी बाई, जुन्या वस्त्राला लावलेले ठिगळ, ही त्याच्या दृष्टांतांची सामग्री. हा ‘दृष्टांत’ शब्द तर आपल्या भाषेत ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे; चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त जपून ठेवले, हे येथील अभ्यासू श्रोत्यांना मी सांगायला नको. भेद आहे तो इतकाच की, येशूच्या श्रोत्यांनी ते बी स्वतः पेरले होते आणि ते घर स्वतः झाडले होते. आमच्या प्रवचनकाराने मात्र ती वस्तू पुष्कळदा नुसती पाहिलेली असते.

माझेच उदाहरण घ्या. स्वर्गाचे राज्य खमिरासारखे आहे, एका स्त्रीने ते तीन मापे पिठात लपवून ठेवले आणि सगळे पीठ फुगले, हा दृष्टांत मी पाठ म्हणत असे. पण ‘खमीर’ हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलेला मला स्मरत नाही. आमच्याकडे होती ती ताडी. आमच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात लग्नघरी फुगे करायचे म्हणजे आदल्या रात्री मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि साखर भल्या थोरल्या टोपात घालून, त्यात ताडी ओतून, आळीतल्या चार-पाच बायांनी बाह्या सावरून ते मिश्रण मळायचे, आपटायचे, आणि घोंगडी पांघरून मुलासारखे निजवायचे. पहाटे आई ते पीठ मुठीत धरी, अंगठा आणि तर्जनी यांमधून लिंबाएवढा गोळा पिळून कढईत सोडी, आणि तो गोळा क्षणभर बुडून वर येई, टम्म फुगे व आपणहून कूस बदली.

अशातच 1949 साली मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला आणि ताडी ही जप्तीयोग्य वस्तू ठरली. कायदा झाला म्हणून लग्ने थांबत नाहीत. पहाटेच्या काळोखात कोणी तरी बाटली पोहोचवून जाई, ती लाकडांच्या ढिगाआड राही आणि रात्री पिठात जाई. त्यामुळे दृष्टांतातल्या बाईने खमीर ‘लपवून’ का ठेवले, याविषयी सहा-सात वर्षांच्या माझ्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. शिपायाच्या भीतीने!

आज हसू येते. परंतु त्या बालबुद्धीच्या अर्थात काही तथ्य होते, असे मला अजून वाटते. घोंगडीखाली काय चालले आहे ते पाहायला मी कोपरा उचलला की आई हातावर फटका मारी. वारा लागला तर पीठ बसते. आणि तीन मापे म्हणजे काही एका चुलीचा स्वयंपाक नव्हे. शंभरावर माणसांना पुरेल एवढा तो ऐवज. ती दृष्टांतातली बाईही एकटी मळत नसणार, तिच्याही शेजारणी असणारच, हे मला कोणत्याही भाष्यकाराने नव्हे, आमच्या ओसरीने शिकवले.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे सोवळे मात्र त्यानंतरही काही काळ टिकून होते, आणि सुटले ते टिळकांच्या विद्वत्तेपुढे हार मानून नव्हे, तर पाणी कोणाच्या हातचे प्यावे या रोजच्या प्रश्नाशी स्वतःच झगडून. टिळकांच्या पद्यांपेक्षा त्या पाण्याच्या भांड्यावर माझी भक्ती अधिक आहे, हे मी येथे कबूल करून टाकतो.

आता वस्तूच हातातून गेल्या तर त्यांचे पाठ राहतात कोठे? मरोळचे जुने चर्च 1579 सालचे. 1840च्या सुमारास साथीमुळे ते ओस पडले, वस्ती सरकली, आणि आज त्याच्या भिंती सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आवारात उभ्या आहेत. भोवतालच्या भातखाचरांचा ठिकाणा आता जुन्या सातबाऱ्यांवर. तरीही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, हा आमचा सुगीचा सण, होतोच; नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत वेदीपाशी जातात, फक्त त्या कुठून तरी बाहेरून आणाव्या लागतात. मागे एकदा मिस्सा आटोपल्यावर मला मिळालेली लोंबी मी खिशाला लावून उभा होतो, आणि त्याच दिवशीच्या प्रवचनातला मरून पीक देणारा दाणा किती हृद्य होता, असे शेजारच्या गृहस्थांना सांगत होतो. तेवढ्यात लुगडे नेसलेल्या एका वृद्धेने माझ्या खिशाची लोंबी न विचारता ओढली, नखाने एक दाणा सोलला, दाढेखाली धरला आणि म्हणाली, “ओला हाय अजून. घाई केली कापायला.”