शाहीर अमर शेख : कामगारांचा आवाज



आमचे शिक्षण झाले ते अंबरनाथच्या कारखान्यांच्या दारात. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा नसावी.

अमर शेख मूळचे मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ साली, बार्शीचा. मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले, संपापायी तुरुंगात गेले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज गावोगाव घुमला. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात ते गेले.

आम्ही त्यांना पाहिले नाही. पण त्यांचे नाव निघाले की आमच्याकडचे जुने कामगार सभेतली भाषणे नव्हे, तो आवाज आठवीत. आम्हांला त्याचे नवल वाटे. पुढारी येईपर्यंत गर्दी धरून ठेवील तो शाहीर, अशीच आमची समजूत!

एकदा गेट मीटिंगला आम्ही तासभर कराराची कलमे समजावली. कंत्राटी पोरे मोबाइल पाहत उभी. मग बदलापूरचा एक हेल्पर माइकशिवायच गाऊ लागला. पोरे जवळ सरकली. गाणे संपले, आणि एकाने प्रथमच विचारले, ‘‘आमचा पी. एफ. कापतात, तो भरतात कुठे?’’

गाण्याने करार होत नाही, हे खरे. पण भ्यालेल्या माणसाच्या तोंडी प्रश्न येतो तो गाण्याने. उत्तर शोधणे हे आमचे काम. अमर शेखांनी आपले काम चोख केले. आमचे अजून बाकी आहे.