पिशवीची टॅली
(राजोडीत कॉलेजच्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण)



कवीला बोलावलंय म्हणजे हा क्रांतीवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी तुमच्या पाठीवरच्या पिशवीवर बोलणार आहे.

इथून नालासोपारा स्टेशन गाठायचं, लोकलला लोंबकळायचं, कालिन्याला नायतर चर्चगेटला पोचायचं. वाचनालयात जागा धरायला पिशवी टेबलावर टाकायची आणि चहाला जायचं. चहा होतो, गप्पा होतात, अर्धा तास जातो. आणि पिशवी? मी मॅट्रिक झालेला गोदीतला माणूस, ओझं ओळखणं माझा धंदा. त्या पिशवीत हप्त्यावरचा मोबाईल आहे, वर्षभराच्या नोट्स आहेत. आणि जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र अस्सलच घेऊन कितीजण फिरता? हात वर करा. बघा!

अरे, त्या कागदासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा शोधत तुमचा बाप शाळा-तहसील करत हिंडलाय. तो एका चहापायी घालवायचा?

तुमच्या शेजारी सोपाऱ्याचा स्तूप आहे. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ ला तो उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, असं आत आत जात शेवटी सोन्याचा. त्यात भिक्षापात्राचे तुकडे. खापराला एवढं जपलं लोकांनी! म्हणून अस्सल कागद घरच्या पत्र्याच्या पेटीत. सोबत झेरॉक्स, मोबाईलात डिजिलॉकर.

आणि बाबासाहेबांचं ऐका. १९१७ ला लंडनहून परतताना त्यांनी पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली. पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं. महायुद्ध चालू. जर्मन पाणबुडीनं ती बोट बुडवली. भरपाईचे पैसे आले, बडोद्याला नोकरीवर जायचं भागलं. पण समासात स्वतःच्या हातानं लिहिलेलं कोण भरून देणार? तिथं टॉर्पेडो होता. तुमच्याकडं नुसता चहा आहे.

आता खरं दुखणं. चोरी झाली की आधी कुणाकडं बघतात? एका कॉलेजात कुणाचा तरी मोबाईल गेला. हॉलभर पोरं बसलेली, पिशवी उपडी केली ती आपल्या पोराची. डबा, भाकरी, वह्या, सगळं फरशीवर. निघालं काय? काय नाय. मोबाईल सापडला त्याच्याच मालकाच्या कोटात. माफी कुणी मागितली नाय. तो पोरगा पुन्हा त्या हॉलात बसला नाय. त्याची जागा चोरली ती कुठल्या रजिस्टरात लिहिणार?

झडती घ्यायची तर सगळ्यांची घ्या आणि लेखी घ्या, असं तिथंच उभं राहून बोला. एकटा बोलला तर दाबतील, टेबलभर पोरं बोलली पायजेत. चारचौघांत जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

गोदीत प्रत्येक गोणीची टॅली होते. आत किती, बाहेर किती. तसंच करा. चौघांनी एक टेबल धरायचं, एकजण कायम बसून राहील. मोबाईल, पाकीट अंगावर. शेजारच्या अनोळखी माणसावर सामान टाकून जाऊ नका. काय गेलं तर संशय त्याच्यावर, आणि तोही बिचारा परीक्षेवालाच असतो. नोट्सचे फोटो दर आठवड्याला काढा. *#०६# दाबून आयएमईआय नंबर घरच्या भिंतीवर लिहा. मोबाईल गेलाच तर पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत लावून संचार साथीवर तो बंद करायचा. २०२३ पासून देशभर सोय आहे. हवालदार "हरवला असं लिही" म्हणेल. चोरी झाली असेल तर चोरीच लिहायची.

आणि कुलपाची कपाटं? फी घेतात ना, मग मागा. काऊंटरवर पिशवी ठेवून घेतात आणि वर पाटी लावतात, सामानाची जबाबदारी आमची नाही. मग आत नेऊ द्या की!

अर्ज मी लिहून आणलाय. पेन फिरतंय. सही करताना कॉलेजचं नाव नीट लिहा.