एकच कण : रोग दाखविणारा आणि रोग जाळणारा

(मंडळाच्या थेरगाव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



मंडळाच्या चालकांनी कर्करोगावरील नव्या उपायांविषयी बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आम्ही डॉक्टर नव्हे. या पट्ट्यातील एका कारखान्याच्या तपासणी विभागात मापे घेण्यात आमचे आयुष्य गेले. तरीही ही आज्ञा आम्ही शिरसावंद्य मानली. त्यास दोन कारणे आहेत. एक सुखाचे, दुसरे दुःखाचे.

सुखाचे कारण आमच्या घरातले. आमच्या वडीलबंधूंना थायरॉईड ग्रंथीचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेनंतर त्यांना किरणोत्सर्गी आयोडीन देण्यात आले. या ग्रंथीच्या पेशी शरीरात कोठेही लपलेल्या असोत, त्या बहुधा आयोडीन ओढून घेतात. मग त्या आयोडीनचे गॅमा किरण शरीराबाहेर येऊन यंत्राला त्यांचा ठावठिकाणा सांगतात, आणि बीटा किरण एकदोन मिलिमीटरच्या आत त्यांचा नाश करतात. दादा आज पुढच्या रांगेत बसले आहेत. मुंबईस परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली स्थापन झाले. तेव्हापासून ही विद्या आपल्या राज्यात रुजली आहे.

शोधणे आणि मारणे ही दोन्ही कामे एकाच द्रव्याकडून करवून घेण्याची कल्पना, अशी जुनीच आहे. पण हे आयोडीन थायरॉईडपुरते. इतर अवयवांसाठी असे द्रव्य कोठून आणावे? हा प्रश्न शास्त्रज्ञांना नॅनोकणांकडे घेऊन गेला.

आपल्यापैकी पुष्कळ जण लेथवर वा ग्राइंडिंगवर काम करतात. पाच मायक्रॉनच्या फरकाने जॉब नापास होतो, हे त्यांना सांगावयास नको. त्या एका मायक्रॉनचे हजार भाग केले, तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. औषधाचे कण साधारणतः दहा ते दोनशे नॅनोमीटरचे असतात. घाईने वाढलेल्या गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात; त्यांतून असे कण झिरपून गाठीत साठतात, हे जपानी शास्त्रज्ञ मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ साली दाखविले.

पवईची आय. आय. टी. आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक संस्था येथील संशोधकांनी मिळून केलेले काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म कुपीवर सोन्याचा मुलामा दिला. मांसातून आत शिरू शकणारा अवरक्त प्रकाश पाडला की हे सोने तापते आणि गाठीच्या पेशी जळतात. काम झाल्यावर कण शरीरातच विघटित होऊन यकृत व मूत्रपिंड यांवाटे बाहेर पडतात. शिवाय सोने क्ष-किरणांना अडविते. त्यामुळे सोन्याचे कण सी. टी. चित्रातही दाखविता येतात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर गेज आणि कटर एकाच हत्यारात आले.

मात्र हा प्रयोग उंदरांवरचा आहे, हे विसरू नये. २०१६ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी शंभरातला एकही भाग धड गाठीपर्यंत पोचत नाही, असे आढळले. पुष्कळसे यकृत व प्लीहा गिळून टाकतात. कणांत बांधलेली काही औषधे आज रुग्णालयांत दिली जातात, हे खरे. पण दाखविणारे आणि जाळणारे सुवर्णकण हे अद्याप आपल्या गावच्या रुग्णाचे औषध नव्हे.

आता दुःखाचे कारण. आपल्यातील एक सद्‌गृहस्थ गालातील न भरणारी जखम घेऊन चार महिने हिंडले. कोणा विक्रेत्याने त्यांना ‘सुवर्णकणांचे औषध’ म्हणून बाटल्या विकल्या. ते रुग्णालयात गेले, तेव्हा उशीर झाला होता. त्या चार महिन्यांत मंडळाच्या दोन बैठकांस ते आमच्या शेजारी बसले होते. चहा तोंडाच्या एकाच बाजूने पीत होते. आम्ही पाहिले, आणि संकोचाने विचारले नाही. पाच मायक्रॉनची चूक पकडणाऱ्या आमच्या डोळ्यांना ही चूक क्षम्य नाही.

म्हणून तीन विनंत्या. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम, स्तनातील गाठ, अकारण रक्तस्राव यांपैकी काहीही आढळल्यास लाज न धरता डॉक्टरांस दाखवावे. सोन्याच्या वा नॅनोच्या नावाने कोणी बाटली विकू लागल्यास पैसे देण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञास विचारावे. आणि शेजारी बसलेल्या आपल्या माणसास विचारण्याचा संकोच करू नये; खर्चाची अडचण असल्यास महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद करण्यास मंडळाचे कार्यकर्ते सोबत येतील, असे चिटणिसांनी आम्हांस वचन दिले आहे.

तो कण आपल्या दारी येईल तेव्हा येवो. तोवर रोग वेळेवर दाखविण्याचे काम आपणच एकमेकांसाठी करावयाचे आहे.