पत्रावरचे नाव कोणाचे?

मागच्या जूनमधली गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत एक शेतकरी गृहस्थ आले. "साहेब, तुमचं पत्र आलं तशी पोराची फी भरली, आता पावती द्या," असे म्हणून त्यांनी फोन पुढे केला. ईमेलवर प्राचार्यांचे नाव, महाविद्यालयाचा पत्ता, सारे बिनचूक. पत्र मात्र आमचे नव्हते! अठरा हजार रुपये भलत्याच खात्यात गेले होते. चोर बाहेरचा खरा. पण आमच्या दाराला कडी नव्हती, हेही तितकेच खरे.

श्रोतेहो, हा दोष ईमेलच्या जन्मापासूनचा आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवण्याचे नियम लिहिले. तेव्हा संगणकांच्या जाळ्यावरची मंडळी थोडी. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव घालावे आणि टपालवाल्याने काही विचारू नये, असा तो कारभार.

मग ज्यांचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, त्यांनी करावे काय?

पहिली गोष्ट, आपला सर्व्हर परक्याची पत्रे परक्याला पोचवीत नाही ना, हे तपासावे. पत्र पाठवताना आपल्या माणसांनाही पासवर्ड विचारावा.

दुसरी गोष्ट, आपल्या नावाचा बंदोबस्त. त्याची तीन साधने आहेत. आपल्या नावाने कोणती यंत्रे पत्रे धाडू शकतात, ही जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. प्रत्येक पत्रावर उमटणारी मोहोर म्हणजे डीकेआयएम. वाटेत मजकूर बदलला की ही मोहोर जुळत नाही. पण एसपीएफ बाहेरचे पाकीट तपासते, आणि वाचणाऱ्याला दिसते ते आतल्या पत्रावरचे नाव! म्हणून तिसरे साधन, डीमार्क. आतल्या नावाशी यादी किंवा मोहोर यांपैकी एकही जुळत नसेल, तर पत्राचे काय करावे हे ते घेणाऱ्याला सांगते. आरंभी 'नुसते पाहा' म्हणावे, येणारे अहवाल वाचावेत, आपली खरी पत्रे अडत नाहीत अशी खात्री झाली की 'नाकारा' म्हणावे. घाई केली तर आपलीच पत्रे परत येतील.

तिसरी गोष्ट येणाऱ्या पत्रांची. अनोळखी सर्व्हरला प्रथम "थोड्या वेळाने या" म्हणून सांगता येते. मौज अशी की, खरा टपालवाला पुन्हा येतो. रद्दी वाटत फिरणारा बहुधा फिरकत नाही. खरे पत्र थोडे उशिरा मिळते, एवढाच तोटा.

एवढे करूनही एखादे अक्षर बदलून आपल्यासारखेच नाव घेणारा भामटा उरतोच. त्याला यंत्र पुरे पडत नाही. पत्रात पैसे मागितले असतील, तर जुन्या, माहितीच्या क्रमांकावर फोन करून विचारावे.

आम्ही हे सारे केले; दोन दिवसांचे काम होते. त्या गृहस्थांचे पैसे मात्र परत आले नाहीत. आपल्या दाराला कडी आहे का, हे आपण आजच पाहावे.